दुसरीच्या नावाची पट्टी

६ डिसेंबर

राणी,

‘प्रिय’ लिहायचं राहून गेलं असं समजू नकोस. लिहावंसं वाटलं नाही.

तुझं पत्र मिळालं. मी फोन उचलत नाही अशी तुझी तक्रार आहे. फोनवर तू रडतेस, आणि इकडे काउंटरवर गिऱ्हाईक उभं असताना एका हातात इस्त्री आणि दुसऱ्या हातात तुझं रडणं घेऊन मला उभं राहता येत नाही. कागदावर काय रडायचं ते रड, मी सवडीनं वाचते.

आधी मुद्द्याचं सांगते. सासूबाईंना सुट्ट्यांत तुमच्या घरी न्यायचं तू आणि तुझ्या नवऱ्यानं परस्पर ठरवलंय. ‘आवडलं तर तिथंच राहतील’ हे तू अगदी शेवटी, तेसुद्धा कंसात लिहिलंस. कंसातलं मला दिसत नाही असं वाटलं की काय? त्यांना नेता येणार नाही. सुट्टीपुरतं नाही आणि कंसातल्यासाठी तर मुळीच नाही.

तू म्हणशील, थोरल्या जावेला एवढं काय पडलंय? ज्या सासूनं जन्मात हिला धड हाक मारली नाही, तिला न्यायला कुणी येत असेल तर हिनं दार उघडून धरायला हवं. म्हण खुशाल. तुझ्या नवऱ्यालाही म्हणू दे. मी उत्तर द्यायला बांधलेली नाही.

आता तू पाठवलेल्या कात्रणाबद्दल. ‘विस्मरण झालेल्या ज्येष्ठांना सुट्टीच्या आनंदात सामील कसं कराल?’ लिहिणाऱ्या बाईंचा फोटो आहे, दात छान आहेत. बाई सांगतात, ज्येष्ठांना घर सजवायच्या कामात घ्या. घेतलं होतं गेल्या वर्षी. सासूबाईंनी दिव्यांची माळ उकळत्या पाण्यात बुडवली, कारण ती त्यांना मळकी वाटली. बाई सांगतात, त्यांच्या तरुणपणीची गाणी लावा. लावली. ‘हा कोण बोंबलतोय, त्याला आधी बाहेर काढा,’ म्हणाल्या. काळजी घेणाऱ्यांनी स्वतःचेही लाड करावेत म्हणे, उदाहरणार्थ गरम पाण्यात पाय सोडून बसावं. माझे पाय दिवसभर वाफेतच असतात, बाईंना सांग. आणखी किती उकडून घेऊ?

सगळ्यात कहर म्हणजे, पाहुणे आले की प्रत्येकानं छातीवर नावाची पट्टी लावायची, म्हणजे ज्येष्ठांना ओळखायचा ताण येत नाही. राणी, तू या घरात नांदलीस. पट्टी कशाला लावतात ते तुला मी सांगायला हवं का? कोटाला, पडद्याला, चादरीला. सासूबाई सारा जन्म त्या काउंटरमागे बसून लोकांच्या कपड्यांना नाव घातलेल्या कापडी पट्ट्या टाचत होत्या. गिऱ्हाइकाचं तोंड विसरलं तरी चालेल, पट्टी हलता कामा नये, हे त्यांनी आपल्या दोघींच्या डोक्यात ठोकून ठोकून बसवलं. एका कामगारानं दोन कोटांच्या पट्ट्या अदलाबदल केल्या, तर भर दुपारी त्याला डब्यासकट रस्त्यावर काढला होता त्यांनी. तो हात जोडत होता, आणि या म्हणत होत्या, पट्टी बदलली म्हणजे चोरीच केली. माणसांना पट्ट्या लावायची अक्कल त्या दात दाखवणाऱ्या बाईंनाच सुचू शकते.

आणि तुझ्या घरी त्या चालतील कशा? इथं पलंगापासून संडासापर्यंत भिंतीला हात लावत जातात. तेवढ्या उंचीवरचा रंग उडून खालचा चुना दिसायला लागलाय. तुमच्या नव्या घरात भिंतींऐवजी काचा आहेत असं तूच कौतुकानं कळवलं होतंस. तिथं त्या काचेवर डोकं आपटतील आणि तू फोनवर रडशील.

हे बरे आहेत. दुकानात वाफेच्या यंत्राशी बोलतात, घरात कुणाशी नाही.

थोरली


१२ डिसेंबर

राणी,

तू हट्ट सोडलास म्हणून लिहितेस. सासूबाईंना न्यायचं नाही, तर मग तुम्ही सगळेच इकडे येणार. मुलं, सामान, भेटवस्तू, सगळं घेऊन. याला तुमच्याकडे हट्ट सोडणं म्हणतात का? आमच्याकडे याला घुसणं म्हणतात. आणि ‘तिथं बघून मग पुढचं ठरवू’ हे या वेळी कंसाबाहेर आलं, हेही माझ्या लक्षात आलंय.

हे दिवस दुकानाचे कसे असतात ते तू विसरलीस. सुट्ट्या तोंडावर आल्या की लोकांना एकदम आपली घाण आठवते. वर्षभर त्याच पडद्याला हात पुसणारी माणसं पाहुणे येणार म्हटल्यावर पडदे काढून घेऊन येतात, आणि पाहुण्यांच्या आदल्या दिवशी हवेत म्हणून माझ्यावर डोळे वटारतात. ते शाळामास्तर आले होते, मागच्या वर्षीचा डाग घेऊन. ‘कालच पडला हो,’ म्हणे. लोकरीत मुरून काळा झालेला डाग, आणि काल! मी पावती फाडून दिली. कपडे धुणाऱ्याशी माणसं डॉक्टरपेक्षा जास्त खोटं बोलतात, आणि पुरावा स्वतःच गाठोड्यात बांधून आणून देतात. मग सगळे विचारतात, आजी कशा आहेत? मी तोंड उघडेपर्यंत त्यांची नजर पडद्यांवर गेलेली असते. एकीनं तर सांगितलं, तुमचं किती छान आहे, त्यांना जुनं दुःख आठवत नसेल. मी तिच्या झग्याची बटणं जरा सैलच शिवून दिली.

तू विचारलंयस, दवाखान्यात काळजी घेणाऱ्यांचा गट भरतो तिथं मी जाते का. गेले होते एकदा. सगळ्यांना गोल बसवलं. एक तरुण मार्गदर्शक होता, अंगातला सदरा इस्त्री न केलेला. तो म्हणाला, प्रत्येकानं आपल्या भावनेला एक रंग द्यायचा. कुणी निळा म्हणालं, कुणी जांभळा. मी म्हटलं, पहिल्या धुण्याच्या पाण्याचा. त्याला ते इतकं आवडलं की त्यानं फळ्यावर लिहिलं. नंतर मी तिकडे फिरकले नाही.

सासूबाईंची तब्येत तू विचारतेस ती नवऱ्याला दाखवायला की खरंच हवी म्हणून, मला माहीत नाही, पण सांगते. जेवतात. झोपतात. आंघोळीला आता त्रास देत नाहीत. पूर्वी बादली बघितली की किंचाळायच्या, माझ्या दंडावर अजून वळ आहेत, पण सध्या शांत असतात. माझ्याशी बऱ्या वागतात. एकदम कशा काय बऱ्या वागायला लागल्या, ते विचारू नकोस. म्हातारपणी माणूस मऊ होतो असं तू म्हणशील. म्हण. तुला माणसं मऊच भेटत आली.

अजून एक. जाताना तू तुझा हिरवा स्वेटर धुवायला टाकला होतास तो कुठाय, असं विचारलंयस. आकसला. लोकर हलकी होती. फेकून दिला.

येऊ नका. गर्दीनं त्या बिथरतात असं डॉक्टरही म्हणतात. डॉक्टर म्हणाले नसते तरी मी हेच लिहिलं असतं.

थोरली


१८ डिसेंबर

राणी,

तिकिटं काढलीत म्हणे. तुझ्या नवऱ्यानं यांना फोन केला, आणि यांनी ‘या की’ म्हणून सांगून टाकलं. चार-चार दिवस तोंडातून शब्द निघत नाही, आणि निघाला तर असा.

म्हणजे आता मला सांगणं भाग आहे. वाचताना हसू नकोस. हसलीस तर निदान मला पुढे कधी कळणार नाही अशा बेतानं हास.

स्वेटर आकसलेला नाही. माझ्या अंगावर आहे.

थंडी सुरू झाली तेव्हा एकदा बॉयलर बंद पडला होता. हे खाली पाना घेऊन झगडत होते, घर नुसतं गारठलेलं. न नेलेल्या कपड्यांच्या दांडीवर तुझा स्वेटर होता, तो मी ओढून घेतला आणि सासूबाईंना आंघोळीला उठवायला गेले. मला बघितलं की त्यांचं सुरू व्हायचं ते तुला माहीत आहे. चोर, चेटकीण, माझं घर खाल्लंस. म्हणून मी दारातूनच अंग चोरून आत शिरले. त्यांनी वर बघितलं आणि म्हणाल्या, ‘राणी, आलीस?’

मी मागे वळून बघितलं. मला वाटलं, तूच आलीस न कळवता. मागे कुणी नव्हतं.

त्यांनी मला जवळ ओढलं. गालांवरून हात फिरवला. ‘किती वाळलीस गं. ती थोरली तुला पोटभर घालत नाही का?’ असं विचारलं. राणी, माझी आई गेल्यापासून माझ्या केसांतून कुणी हात फिरवला नव्हता. यांना तर केस आहेत हेही माहीत नसेल. मी तिथंच त्यांच्या पलंगावर बसून राहिले. मी कोण ते सांगितलं नाही. मग त्या माझा हात धरून न्हाणीघरात आल्या, आणि लहान मुलासारख्या स्टुलावर बसून मला पाठ चोळू दिली.

तेव्हापासून रोज मी तूच आहे. रोज सकाळी स्वेटर घालते आणि राणी होते. त्या मला तुझ्या लहानपणच्या गोष्टी विचारतात, मी काहीतरी ठोकून देते. थोरलीच्या कागाळ्या सांगतात, मी हूं हूं करते. ताटातला चांगला घास माझ्या तोंडात घालतात. मला आवडतं. लिहूनच टाकते, मला फार आवडतं. आणि मला तुझा रागही येतो, खराखुरा. हे सगळं तुला फुकटात मिळत होतं. तू काय केलं होतंस यासाठी? गोड हसत होतीस. सदऱ्याच्या कॉलरी उलट्या घडीनं इस्त्री करत होतीस आणि गोड हसत होतीस, आणि मी त्या कॉलरी तुझ्यामागे परत इस्त्री करत होते. एवढ्या भांडवलावर तुला सासू मिळाली. मला ती मिळवायला तुझा स्वेटर चोरावा लागला.

आता तू येणार. त्या एकदा तुझ्याकडे बघतील, एकदा माझ्याकडे, आणि मी परत थोरली होईन. मग आंघोळीला पुन्हा मारामाऱ्या, जेवणाला पुन्हा थुंकणं. हे सगळं खरं आहे आणि तू ते तुझ्या नवऱ्याला कारण म्हणून सांगू शकतेस. पण माझं खरं कारण हे नाही. ते तुला कळलं असेल. नसेल तर तू वाटतेस त्याहून मठ्ठ आहेस.

म्हणून या, पण माझी एक अट आहे. तू राणी आहेस हे त्यांना सांगायचं नाही. नवऱ्याच्या ओळखीची बाई म्हण, गिऱ्हाईक म्हण, काय वाटेल ते म्हण. मुलांना समजावून आण. जवळ जाऊन गळ्यात पडायचं नाही. आणि हसायचं नाही, तुझं ते हसू त्या अजून ओळखतील.

तुझ्याकडे मी आजवर काही मागितलं नव्हतं. मागायची पाळी यावी तीही तुझ्याकडे, हे मला किती झोंबतंय ते लिहिता येत नाही. हे पत्र नवऱ्याला दाखवू नकोस.

थोरली


२७ डिसेंबर

राणी,

तुम्ही पोचलात असं तुझ्या नवऱ्यानं यांना कळवलं. तू कशी आहेस ते यांनी विचारलं नाही आणि त्यानं सांगितलं नाही. दोघे भाऊ एकाच कापडाचे.

तू रागावली असशील. मी रागावले होते. पण तू दारातून पळालीस, त्यामुळे अर्धं तुला ठाऊकच नाही, आणि जे ठाऊक आहे तेसुद्धा तू उलटंसुलटं सांगत सुटशील. म्हणून मी नीट सांगते.

तुम्ही जिना चढून आलात तेव्हा मी सासूबाईंना खिडकीजवळच्या खुर्चीत बसवलं होतं. त्यांचा हात माझ्या मनगटावर होता. दार उघडलं आणि मला आधी तुमची तोंडं दिसलीच नाहीत. चौघांच्या छातीवर चिकटवलेल्या पांढऱ्या पट्ट्या दिसल्या. मोठ्या ठळक अक्षरांत नावं. तुझ्या पट्टीवर ‘राणी’, आणि शेजारी एक लाल बदाम काढलेला. मला वाटलं आपण चुकीचं वाचतोय. सांगू नकोस म्हटलं होतं, तर तू लिहून आणलंस. वर मला कुजबुजत म्हणालीस, ‘ताई, लेखात तसं सांगितलंय. मी तोंडानं काही नाही बोलले.’ तुझ्या अकलेबद्दल मी आजवर जे जे म्हणत आले ते कमीच होतं.

सासूबाईंच्या डोक्यातून माणसं गेली, पण पट्टी वाचणं गेलेलं नाही. त्यांनी चष्मा मागितला. मुलांना एकेक करून पुढे बोलावलं, पट्टी वाचली, तोंडाकडे बघितलं आणि ‘बरोबर’ म्हणून बाजूला केलं. तुझ्या नवऱ्यालाही तसंच. पोटच्या मुलाला ओळखलं नाही, पट्टी वाचून ‘बरोबर’ म्हणाल्या, आणि तो खुळ्यासारखा खूश झाला. मग तू पुढे आलीस.

त्यांनी तुझी पट्टी वाचली. मग माझ्याकडे बघितलं, माझ्या अंगातल्या स्वेटरकडे बघितलं. मग परत तुझी पट्टी वाचली. काउंटरवर कुणी भलताच कोट आपला म्हणून न्यायला आला की त्यांचा चेहरा व्हायचा, तसा झाला. मला तो चेहरा ओळखीचा होता. मी मनात म्हटलं, संपलं.

‘ही पट्टी हिची नाही,’ त्या म्हणाल्या. ‘कुणी बदलली?’

आणि तू, सांगितलेलं सगळं विसरून, गुडघ्यावर बसलीस. गोड हसून म्हणालीस, ‘आई, बघा ना. मीच राणी.’

‘थोरले,’ त्या तुला म्हणाल्या, ‘अजून किती चोरशील?’

यापुढचं तुला किती ऐकू आलं कुणास ठाऊक, तुझ्या कानात रडणं शिरलं होतं. मला सगळं ऐकू आलं. माझा मुलगा घेतलास, तो आता दगड झालाय. माझी गल्ल्यामागची खुर्ची घेतलीस. तू आलीस त्या दिवसापासून मला माझ्याच घरात विचारून पाणी प्यावं लागतं. तुझं तोंड बघितलं की घास घशाखाली उतरत नाही. आणि आता या गरीब पोरीचं नावसुद्धा तुला हवं झालं? हे बोलताना त्या दुसऱ्या हातानं माझं मनगट थोपटत होत्या. मधूनच माझ्याकडे वळून हळू आवाजात म्हणायच्या, ‘घाबरू नकोस राणी, मी आहे ना.’

मग त्यांनी तुझ्या छातीवरची पट्टी उपटली. तुझ्या झग्याचा धागा निघाला. ती माझ्या छातीवर लावली आणि अंगठ्यानं चारी कोपरे दाबून बसवले, दुकानात बसवायच्या तसे. तू पळालीस ती तेव्हा.

खरं सांगू? तुझं ते पडलेलं तोंड बघून मला आनंद झाला. इतकी वर्षं तुझ्या वाट्याचं गोड तू खाल्लंस, एकदा माझ्या वाट्याचं कडू चाख, असं वाटलं. पण तो आनंद फार वेळ पुरला नाही. ते शब्द तुझ्या मापाचे नव्हते. एकेक माझ्याच अंगावर बेतलेला होता, आणि मला तो तिथं उभं राहून, थोपटून घेत घेत ऐकावा लागला. तोंडावर शिव्या खाणं मला जमतं, जन्म त्यात गेला. पण माझ्याबद्दल त्या मागे काय म्हणत असतील ते समोर उभं राहून ऐकायचं, आणि वर मान डोलवायची, हे मला जमलं नाही.

तुझा नवरा जाताना यांना म्हणाला, ‘आई तुमच्याकडेच राहू दे. आमच्यानं नाही व्हायचं.’ भेटवस्तूंचे डबे तसेच कोपऱ्यात ठेवून गेला. हे वाफ बघायला खाली गेले. म्हणजे जिंकले मीच. कंस फुकट गेला. मी मुलांनी सांडलेलं सरबत पुसलं आणि स्वयंपाकाला लागले.

आता तुला ठाऊक नाही ते ऐक.

संध्याकाळी मी त्यांना सूप भरवत होते. निम्मं झालं आणि त्यांनी वाटी बाजूला सरकवली.

‘हे थोरलीला ठेव.’

मी विचारलं, का?

‘मी तिला बोलले. आज जास्तच बोलले.’

मला गप्प बसता आलं असतं. पण मला अजून ऐकायचं होतं, आणि मला तुझ्या नावानं माझाच सूड उगवायचा होता. मी म्हटलं, बरं झालं बोललात, तिला असंच पाहिजे. भारी माजलीय ती.

त्यांनी माझ्याकडे ज्या नजरेनं बघितलं, तसं या सगळ्या दिवसांत राणीकडे कधी बघितलं नव्हतं. ‘तू तिला काही बोलायचं नाहीस,’ म्हणाल्या. ‘तू गोड आहेस. चार दिवस येतेस, गोड बोलतेस, जातेस. तिला कुठं जायचंय? तिला मी बोलते, ती मला बोलते. आमचं चाललंय. तू मध्ये पडू नकोस.’ मग वाटीकडे बोट दाखवून, ‘जा, बोलाव तिला. आपणहून नाही यायची. उपाशीपोटी काम करत बसेल आणि मग माझ्यावरच फणफणेल.’

राणी, तुला हे कळणार नाही. तुझ्यावर कुणी कधी असं रागावलेलं नाही. मी खोलीबाहेर आले आणि बोळात उभी राहिले. मला बोलवायला मलाच पाठवलं होतं. माझ्या मनात आलं, परत जाऊन सांगावं की ती जेवली, ती झोपली, ती येत नाही म्हणते. तसं केलं असतं तर मी राणीच राहिले असते, उद्याही आणि परवाही. त्यांनी केसांतून हात फिरवला असता. मी तिथं बराच वेळ उभी होते. मग तुझं जे जे अंगावर होतं, पट्टी, स्वेटर, ते काढून ठेवलं आणि आत गेले.

त्यांनी मला खालपासून वरपर्यंत बघितलं. तो चेहरा परत तसाच झाला, कडक, तोंड मिटलेलं.

‘आलीस? दार लाव, वारं येतंय.’

मी दार लावलं.

‘उभी काय राहिलीस? घे ते. आणि मीठ कमी झालंय. तुझ्या हाताला मीठ नाहीच.’

मी बसून सूप खाल्लं. थंडगार झालं होतं, आणि मीठ खरंच कमी होतं. मी म्हटलं, तुम्हाला कमीच सांगितलंय डॉक्टरांनी. त्या म्हणाल्या, डॉक्टर गेला खड्ड्यात.  वाटी रिकामी होईपर्यंत त्या माझ्याकडे बघत होत्या, मी उरवते की काय म्हणून.

तू पुढच्या सुट्टीत ये. कात्रणं वाचून येऊ नकोस, पट्ट्या लावून तर मुळीच येऊ नकोस. नुसती ये आणि त्यांच्याजवळ बस. राणी कोण आहे हे त्यांना मी सांगेन. तुझी जागा रिकामी आहे, ती मला घट्ट होत होती. पण न्यायचं म्हणशील तर जिन्यातूनच परत जा, कारण मी सोडणार नाही. माझ्या हातचं जेवून मला शिव्या घालणारं घरात आता तेवढंच एक माणूस उरलंय, बाकीच्यांना मी दिसतसुद्धा नाही.

काल आंघोळीच्या वेळी फार आरडाओरडा झाला. त्यांनी माझ्या दंडात नखं रुतवली, मी त्यांचं मनगट धरून ठेवलं. पाणी सगळं जमिनीवर. मी म्हटलं, आई, सोडा. त्या म्हणाल्या, तू आधी सोड. दोघींनीही सोडलं नाही.

थोरली